चंदेरी विमानावर डिकॅल लावताना

विमानाच्या छोट्या मॉडेलवर लॅकर प्रकारातील धातूरंग (धातूसारखा चमकणारा रंग) नीट फवारला असेल तर तो मुळातच गुळगुळीत असतो, त्यामुळे डिकॅलपूर्वी (डिकॅल म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चिन्हे) त्यावर ग्लॉस क्लिअरचा, म्हणजे चकचकीत पारदर्शक वार्निशचा, थर देण्याची बहुधा गरज नसते. उलट त्या थराने झळाळी मंदावते आणि ॲल्युमिनिअमऐवजी राखाडी रंग दिल्यासारखे वाटू लागते. घासून चकाकी आणायचे धातूरंग मात्र नाजूक असतात, त्यांना संरक्षक थर द्यावाच. (खऱ्या पी-५१ मस्टँग या लढाऊ विमानाच्या पंखांवर कारखान्यातच पुट्टी भरून ॲल्युमिनिअम रंग देत असत, त्यामुळे मॉडेलवर तेथील चकाकी थोडी कमी झाली तरी बिघडत नाही.)

खरी अडचण डिकॅलच्या पारदर्शक पापुद्र्याची असते. कॅमफ्लाजवर (परिसरात मिसळून जाणाऱ्या रंगसंगतीवर) मॅट, म्हणजे चमक नसलेल्या, वार्निशखाली त्याच्या कडा लपतात, पण चंदेरी पृष्ठभागावर त्या तिरप्या उजेडात लगेच उठून दिसतात. म्हणून धारदार ब्लेडने तो छपाईच्या अगदी काठापर्यंत कापावा.

डिकॅल मऊ करणारे द्रावण काही धातूरंगांवर डाग पाडते, तेव्हा त्याच रंगाच्या टाकाऊ तुकड्यावर आधी तपासून पाहावे आणि विमानावर ते बारीक ब्रशने डिकॅलपुरतेच लावावे. डिकॅल बसल्यावर भोवती पसरलेला डिंक ओलसर, मऊ कापडाने लगेच टिपून घ्यावा, कारण तो वाळल्यावर उमटणारे तपकिरी कडे चकचकीत धातूवर फार डोळ्यांत भरते. पापुद्र्याखाली हवा अडकून पांढुरके ठिपके दिसल्यास तेथे सुईने हलके टोचून थेंबभर द्रावण सोडावे.