पोरके पिल्लू आणि मुखवट्यामागची माया

प्रश्न : कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे बे मत्स्यालयात समुद्री पाणमांजराच्या पोरक्या पिल्लाला दूध पाजणारी माणसे काळा झगा आणि वेल्डिंगचा मुखवटा घालतात, असे एका चित्रफितीत पाहिले. आईविना राहिलेल्या जिवाला मायेचा चेहराही दिसू नये, हा निष्ठुरपणा नव्हे काय?
— एक वाचिका, नारायणगाव

उत्तर : चेहरा झाकणे हीच तेथे माया आहे, असे मला मनापासून वाटते. १९८४ साली हे मत्स्यालय सुरू झाले, त्यानंतरची काही वर्षे तेथील माणसे पिल्लांना उघड्या चेहऱ्याने वाढवीत आणि त्यांच्याबरोबर समुद्रात पोहून बुडी मारायला, खाद्य शोधायला शिकवीत. पिल्ले वाढली, पण मोकळी सोडल्यावर त्यांतील काही माणसांच्या आणि होड्यांच्या जवळ येऊ लागली. अशा प्राण्याला समुद्रात ठेवणे धोक्याचे असते.

वाट सापडली ती २००१ मध्ये. टूला नावाची एक आजारी, गाभण मादी किनाऱ्यावर सापडली होती. तिला झटके येत असल्यामुळे परत सोडता येत नव्हते. तिचे पिल्लू मेलेलेच जन्मले आणि नेमके त्याच सुमारास एक पोरके पिल्लू तेथे आले. ते टूलाने आपलेसे केले. तेव्हापासून माणसांनी केवळ बाटलीने दूध पाजण्यापुरते, तेही ओळखू न येता जवळ जावे, आणि शिंपले फोडण्यापासून बुडी मारण्यापर्यंतचे सारे शिक्षण पाणमांजराच्या मादीकडे सोपवावे, अशी रीत पडली. कातड्यासाठी झालेल्या बेसुमार शिकारीमुळे विसाव्या शतकाच्या आरंभी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर ज्यांची जेमतेम पन्नासएक उरली होती आणि आजही जी सुमारे ३,००० च आहेत, त्यांच्या बाबतीत एकेक पिल्लू मोलाचे ठरते. २००२ ते २०१६ या काळात अशी ३७ पिल्ले एल्कहॉर्न स्लू या खाडीत सोडली गेली. तेथील पाणमांजरांच्या वाढीपैकी अर्ध्याहून अधिक वाढ ही त्यांची आणि त्यांच्या संततीची आहे. पाणमांजरे खेकडे खातात, त्यामुळे खेकड्यांचे भक्ष्य असलेले, गवतावरचे शेवाळ खाऊन ते साफ ठेवणारे छोटे जीव वाढतात आणि खाडीतले समुद्री गवतही सावरले आहे.

प्राणिसंग्रहालयात जन्मलेले प्रत्येक पिल्लू रानात जाण्यासाठी असते, असे मात्र समजू नये. बहुतेक पिल्ले तेथेच राहतात आणि त्यांना माणसाची सवय झाली तरी बिघडत नाही.

तुमच्या जुन्नर भागात हा प्रश्न उसाच्या फडात उभा राहतो. तोडणीच्या वेळी बिबट्याचे बछडे सापडतात आणि ते पोरके असल्याचे समजून लोक उचलून घेतात, कुरवाळतात, छायाचित्रे काढतात. आई बहुधा जवळपासच असते. अशा वेळी हात न लावता, गर्दी हटवून वनविभागाला कळवावे. तपासणी करून बछडे त्याच जागी खोक्यात ठेवले जातात आणि माणसे दूर गेली की मादी बहुतेक वेळा रात्री येऊन त्यांना एकेक करून तोंडात धरून घेऊन जाते.