‘बघतो’ची उधारी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नागपूरच्या मिहानमधल्या आयटी कंपनीत ९ जणांची टीम. दोन वर्षांपूर्वी लीड झालात तेव्हा माणसांसाठी बरंच काही करायचं ठरवलं होतं. आता अख्खा दिवस ‘स्टेटस काय?’ विचारण्यात जातो. पुन्हा मनावर घ्यायचंय, तर सुरुवात कुठून करू?

मी बुटीबोरी एमआयडीसीत पॅकेजिंगच्या एका कारखान्यात शिफ्ट सांभाळतो. हाताखाली ३४ माणसं. तुमच्याकडे एसी, आमच्याकडे टिनाचं शेड. पण हे ‘मनावर घेणं’ माझं तीनदा झालंय. दोनदा महिनाभरात विरलं, तिसऱ्यांदा टिकलं. त्या तिसऱ्या वेळचं सांगतो.

सुरुवात मारबतीपासून झाली. नागपूरकरांना सांगायला नको, पण बाहेरचे वाचत असतील तर: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, इकडे काळी आणि पिवळी मारबत निघते, म्हणजे मोठाल्या पुतळ्यांची मिरवणूक. १८८०च्या दशकापासूनची प्रथा. सोबत बडगे, म्हणजे टर उडवणारे पुतळे असतात आणि वर्षभरात ज्याचा त्रास झाला त्याच्या नावानं लोक ओरडतात. महागाई घेऊन जा गे मारबत, रोगराई घेऊन जा गे मारबत. त्या वर्षी दुसऱ्या दिवशीच्या शिफ्टला पोरांचा मूड अजून तोच होता. मी पॅकिंग लाइनजवळून चाललो होतो आणि पॅलेटच्या मागून आवाज आला, ‘सायबाचा बघतो-बघतो घेऊन जा गे मारबत!’

सगळे हसले. मीही हसल्यासारखं केलं आणि केबिनमध्ये जाऊन बसलो.

ओरडणारा कोण ते मी शोधलं नाही, शोधायची गरजही नव्हती. कारण ‘बघतो’ हा शब्द मी दिवसातून किती वेळा वापरतो ते मला ठाऊक होतं. रजा हवी? बघतो. हेल्पर कमी आहे? बघतो. पंखा बंद आहे? बघून राहिलो ना भाऊ! नाही म्हणायची हिंमत नाही, हो म्हणायची तयारी नाही, मग ‘बघतो’. बोलणाऱ्याच्या दृष्टीनं ते तिथंच संपतं. ऐकणारा मात्र घरी जाऊन बायकोला सांगतो, ‘साहेब बघतो म्हणाले.’ झाली उधारी.

माझ्या उधारीतलं सगळ्यात मोठं नाव सीलिंग मशीनवरच्या एका भाऊंचं होतं. वय पंचेचाळीसच्या आसपास. एप्रिलमध्ये ते म्हणाले होते, ‘सर, मे महिन्यात मले नाइट देऊ नका. दिवसा झोपच येत नाही. घरावर टिन आहे ना, दुपारी आतमध्ये भट्टी होते.’ नागपूरचा मे तुम्हाला माहीत आहे, पारा ४५ च्या वर. अशा टिनाखाली दुपारी दोनला झोपून दाखवावं कोणी. मी ‘बघतो’ म्हणालो. रोस्टर निघालं, त्यात नेहमीच्या फेऱ्याप्रमाणे त्यांची नाइट होती. मेच्या तिसऱ्या आठवड्यात त्यांनी चार पॅलेटवर चुकीचा बॅच कोड मारला, माल परत खोलावा लागला आणि मी त्यांना सगळ्या लाइनसमोर झाडलं. ‘डोळे उघडे ठेवून काम करत जा’ म्हणालो. डोळे उघडे कसे राहणार होते? त्यांनी पलटून एक शब्द काढला नाही. पुन्हा काही मागितलंही नाही. तेव्हा मला वाटलं, चला, हा विषय मिटला.

तर सुरुवात कुठून करायची याचं माझं उत्तर: उधारी लिहून काढा. मी किराणा दुकानदार ठेवतो तशी लाल पुठ्ठ्याची वही घेतली. कोण, काय मागितलं, कधी, मी काय म्हणालो. आठवून आठवून पहिल्या दिवशी १९ नोंदी झाल्या. त्यातली चार माणसं नोकरी सोडून गेली होती. ती चार नावं लिहिताना काय वाटलं ते इथं लिहीत नाही.

भाऊंची नोंद सोडवायला किती वेळ लागला सांगू? पंधरा मिनिटं. दोन तरणी पोरं नाइट अलाउन्ससाठी नाइट मागत होती, पक्क्या स्लॅबच्या खोलीत राहत होती. त्यांना विचारलं, ती खूष. पुढच्या उन्हाळ्याचा फेरा तिथंच कागदावर बदलला. चार महिने मी ज्यावर बसलो होतो ते काम एवढंसं होतं. मग शिफ्ट सुरू होतानाच्या मीटिंगमध्ये, सगळ्यांसमोर, भाऊंची माफी मागितली. झाडलं चारचौघांत होतं, तर माफी केबिनमध्ये मागून कसं चालेल? ते ‘ठीक आहे सर’ म्हणाले आणि हातमोजे घालायला लागले. गळाभेट वगैरे काही झाली नाही. तुमच्याकडेही होणार नाही, अपेक्षा ठेवू नका.

बाकी नोंदींपैकी निम्म्यांचं उत्तर ‘नाही’ होतं. हे मला कठीण गेलं. एका पोराला सुपरवायझर व्हायचं होतं, मी दीड वर्ष बघत होतो. शेवटी सांगितलं, ‘यंदा जागा नाही, आणि असती तरी तू आज तयार नाहीस, रिपोर्ट लिहायला शीक, सहा महिन्यांनी पुन्हा बोलू.’ तो आठवडाभर माझ्याशी धड बोलला नाही. पण सहा महिन्यांनंतरची तारीख त्याच्यासमोर वहीत टाकली होती, आणि त्या दिवशी तो स्वतः रिपोर्ट घेऊन आला.

एक-एकट्याशी बोलणं तर करावंच, तुमच्या क्षेत्रात त्याला वन-ऑन-वन म्हणतात. आमच्याकडे केबिनमध्ये बोलावलं की माणूस आधीच घामाघूम होतो, कारण केबिन म्हणजे झाडाझडती. कॅन्टीनमध्ये दहा कान असतात. म्हणून मी गेटपासून वजनकाट्यापर्यंत चालत जातो, एका वेळी एक जण, जाऊन-येऊन वीस मिनिटं. ‘काही प्रॉब्लेम?’ असं विचारू नका, उत्तर ठरलेलं असतं: ‘नाही सर, सगळं ठीक.’ त्याऐवजी ‘मागच्या आठवड्यात डोकं कधी फिरलं?’ विचारा. हे विचारल्यावर माणूस आधी हसतो, मग सांगतो. आणि त्या वीस मिनिटांत प्रॉडक्शनचा आकडा काढायचा नाही. मला अजून जीभ चावावी लागते.

तुम्ही लिहिलंय की तुम्ही मुळात चांगले कोडर, म्हणून लीड केलं. गूगलनं २००८ मध्ये ‘प्रोजेक्ट ऑक्सिजन’ नावानं स्वतःच्याच मॅनेजरांचा अभ्यास सुरू केला होता. चांगल्या मॅनेजरची आठ लक्षणं निघाली, त्यात तांत्रिक ज्ञान होतं, पण शेवटच्या नंबरावर. पहिल्या नंबरावर होतं माणसाला शिकवून तयार करणं. इंजिनिअरांनी भरलेल्या कंपनीत हे निघालं, म्हणून मला ते पटतं. टीममधल्या पोराचा कोड रात्री गुपचूप स्वतः दुरुस्त करत असाल तर ते आधी बंद करा.

आता विरण्याबद्दल. मार्च आला, डिस्पॅचचं टार्गेट आलं आणि मी परत जुना झालो. वहीची तीन आठवड्यांची पानं कोरी. तुमच्याकडे रिलीजच्या वेळी हेच होईल. मी मेंटेनन्सच्या मॅनेजरला सांगून ठेवलंय, दर सोमवारी तर्री-पोहे खाताना त्यानं फक्त एवढंच विचारायचं, ‘वही?’ वही दाखवायची नाही, तिच्यात लोकांच्या घरच्या गोष्टी आहेत. फक्त हो की नाही सांगायचं. सलग दोन सोमवार ‘नाही’ म्हणायची मला लाज वाटते, तेवढी लाज पुरते. तुमच्या वरचा साहेब कसा आहे ते तुम्ही लिहिलं नाही. तो वाईट असेल तर दुप्पट मेहनत पडेल, पण तुमच्या ९ जणांची उधारी तुमचीच आहे, त्याची नाही.

यंदाही मारबतीच्या दुसऱ्या दिवशी पॅलेटमागून आवाज आला. मी मुद्दाम थांबून ऐकलं. ‘कॅन्टीनची पाणचट डाळ घेऊन जा गे मारबत!’ डाळ वहीत लिहिली आहे, ठेकेदाराशी शुक्रवारी बोलायचंय.