अमेडला पहिल्यांदा जाताय? एवढं सांभाळा

बालीतली गर्दी सोडून त्याच बेटाच्या पूर्व किनाऱ्यावरचं अमेड निवडलंत, फार चांगलं केलंत. विमानतळापासून गाडीनं अडीच-तीन तास लागतात. नवखी माणसं एका दिवसात जाऊन यायचा बेत करतात आणि सगळा वेळ रस्त्यातच जातो. निदान दोन रात्री राहाच.

पायात रबरी बूट हवेत. आपण कोल्हापूरकर घाट उतरून मालवणला जातो, तशी मऊ वाळू तिथं नाही. अगुंग ज्वालामुखीचे काळे गोटे असतात, दुपारी पाय भाजतात. कोल्हापुरी चप्पल खोलीवरच ठेवा, भिजली तर वाया जाईल.

सकाळी लवकर किनाऱ्यावर या. दोन्ही बाजूंना उलांडी (तोल सांभाळणारे दांडे) बांधलेल्या जुकुंग होड्या मासे घेऊन परततात. वाटेत उभं राहू नका, फोटोआधी विचारा.

शेजारच्या तुलांबेनला 'लिबर्टी' जहाज बघाच! १९४२ मध्ये त्याला टॉर्पेडो लागला, मग ते किनाऱ्यावर पडून होतं. १९६३ च्या अगुंगच्या उद्रेकात पाण्यात घसरलं. वरचा भाग स्नॉर्केलिंग करतानाही (चष्मा-नळी लावून पाण्यावर तरंगताना) दिसतो, त्यामुळं पहिल्या खेपेला स्कूबा (पाठीवर हवेची टाकी घेऊन खोल बुडी) नको. लाइफ जॅकेट मात्र घाला.

तिकिटाआधी न्येपीची, म्हणजे बालीच्या मौन पाळायच्या नववर्षदिनाची, तारीख तपासा. त्या दिवशी विमानतळसुद्धा बंद असतो.