एकच उतार, एकच जात

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा संशोधनाचा आराखडा वाचला. विषय चांगला आहे, पण इतका ऐसपैस की त्यात तीन जणांच्या पीएच.डी. सहज बसतील. आणि सगळी भिस्त एकाच सूत्रावर ठेवली आहेस: ऊब वाढली की प्राणी डोंगर चढतात, माथा संपला की ते संपतात. हे खोटं नाही. पेरूमधल्या सेरो दे पांतियाकोया या डोंगरावर १९८५ साली पक्ष्यांची उंचीवार मोजणी झाली होती. २०१७ मध्ये त्याच वाटेने ती पुन्हा केली, तेव्हा बहुतेक जाती वर सरकलेल्या निघाल्या आणि माथ्यावर एकेकाळी सर्रास दिसणाऱ्या काही जाती सापडल्याच नाहीत. तापमान वाढलं होतं ते अर्ध्या अंशाहूनही कमी.

एवढ्याशा वाढीने एवढी उलथापालथ का, याचं उत्तर ऋतूंमध्ये आहे. वर चढताना दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, हे जगभर सारखंच. पण समशीतोष्ण प्रदेशातला प्राणी वर्षभरात कडाक्याची थंडी आणि ऊन दोन्ही काढतो, त्यामुळे वरची खिंड त्याला अनोळखी वाटत नाही. विषुववृत्ताजवळच्या प्राण्याला बारा महिने जवळपास एकच हवा. म्हणून तिथे एकेक जात डोंगराच्या अरुंद पट्ट्याला बांधलेली असते. अमेरिकी परिसरशास्त्रज्ञ डॅनियल जॅन्झन यांनी हे १९६७ सालीच मांडलं होतं. तो निबंध मुळातून वाच, सारांशावर भागवू नकोस. पायथ्याच्या कीटकांचंही तेच. त्यांना सोसवेल त्या उष्णतेच्या काठावरच ते आधीपासून जगताहेत.

पण तुझ्या आराखड्यात सर्वांत महत्त्वाचा प्रश्न सुटला आहे: प्राण्याला नेमकं मारतं कोण? हवाई बेटांवरचे हनीक्रीपर कुळातले पक्षी बघ. त्यांतला इइवी म्हणजे शेंदरी अंगाचा, विळ्यासारख्या चोचीचा, फुलांतला मध पिणारा पक्षी. एकोणिसाव्या शतकात जहाजांबरोबर डास तिथे पोचले आणि पुढे पक्ष्यांचा मलेरियाही आला. या पक्ष्यांनी तो रोग कधी पाहिलाच नव्हता. बाधित डासाच्या एका चाव्यानेही बहुतेक इइवी दगावतात. तग धरला तो उंचावरच्या गार जंगलांनी, कारण साधारण तेरा अंशांखाली मलेरियाचा परजीवी डासाच्या पोटात वाढत नाही. आता गारव्याची ती रेषा वर सरकते आहे. कवाई बेटाची सर्वांत उंच जागाच जेमतेम सोळाशे मीटर. तिथल्या पक्ष्यांनी पळायचं कुठे?

उन्हाने इथे एकही पक्षी मेलेला नाही. थंडीने मलेरियाला रोखून धरलं होतं, ती थंडी गेली. हे कळलं म्हणूनच उपायही सुचला: वोलबाकिया जिवाणू असलेले नर डास सोडायचे, म्हणजे त्यांच्याशी जुगलेल्या माद्यांची अंडी उबत नाहीत. माउई बेटावर हे काम चालू आहे. नुसतं 'तापमानवाढीचा परिणाम' एवढंच लिहून संशोधक थांबले असते, तर हे कोणाला सुचलं नसतं.

याची दुसरी बाजूही ध्यानात ठेव. कोस्टा रिकातल्या मोंतेव्हेर्देच्या मेघवनात १९८७ साली सोनेरी भेकांचे दीड हजारांच्या आसपास नर-मादी प्रजननासाठी जमले होते. १९८९ मध्ये एकच नर दिसला, त्यानंतर एकही नाही. हवामानबदलाचा पहिला बळी म्हणून त्याचा गाजावाजा झाला. पण उभयचरांना ग्रासणारी कायट्रिड बुरशी आणि एल निनोच्या वर्षातला कोरडेपणा यांचा वाटा किती, यावर अभ्यासक अजून भांडताहेत. सगळं खापर एकाच गोष्टीवर फोडायची घाई तुझ्या प्रबंधात दिसता कामा नये.

तेच डोंगरांच्या आकाराचं. तू प्रत्येक डोंगर वर निमुळता होत जातो असं गृहीत धरलं आहेस. जगातल्या १८२ पर्वतरांगा मोजल्या, तेव्हा जेमतेम एक तृतीयांश तशा निघाल्या. कित्येक ठिकाणी वर रुंद पठारं आहेत आणि तिथे चढणाऱ्याला उलट जास्त जागा मिळते. (मिळते म्हणजे नकाशावर. तिथे त्याचं खाद्य आहे का, हे वेगळंच.)

कामाचं सांगायचं तर एकच उतार निवड. ठरलेले थांबे, ठरलेली वेळ, प्रत्येक थांब्यावर तेवढीच मिनिटं. उंची दर वेळी त्याच उपकरणाने मोज. जे दिसलं नाही तेही लिही. पांतियाकोयाची जुनी मोजणी नेटकी नसती, तर २०१७ मध्ये काय हरवलं ते सांगता आलं नसतं. तापमापक प्राण्याच्या पातळीवर लाव: पालापाचोळ्यात, ढोलीत, फांदीच्या सावलीत. उघड्यावरच्या हवामान केंद्राचा आकडा बेडकाच्या काही कामाचा नाही.

सुधारलेल्या आराखड्यात जातींची लांबलचक यादी नको. एक जात घे. तिला खालून काय ढकलतं आणि वर काय अडवतं, याबद्दलचा तुझा अंदाज दोन पानांत लिही, आणि तो चुकीचा ठरवायला कोणती नोंद पुरेल तेही. मग बोलू.

कळावे.