ऑपरेटिंग सिस्टिममधील डीबगिंगचे पर्याय वापरकर्त्याच्या हाती असावेत का?

डीबगिंगचे, म्हणजे बिघाडाचे कारण शोधण्याचे, पर्याय सामान्य वापरकर्त्याला बदलता यावेत, की ते सिस्टिम बनवणाऱ्यांकडेच राहावेत, असे आपण विचारले आहे. फोंड्यात बरीच वर्षे संगणकदुरुस्तीचे काम केल्यावर माझे मत असे बनले आहे की ते वापरकर्त्याच्या हाती असावेतच. मात्र बिघाडाची नोंद ठेवणारा पर्याय आणि बाहेरच्याला आत वाट करून देणारा पर्याय यांना एकच नियम लावू नये.

गेल्या पावसाळ्यात येथील एका काजूच्या दुकानातला बिलाचा संगणक दिवसातून तीन-चार वेळा आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होत असे, आणि दोष विजेचाच आहे अशी मालकांची खात्री झाली होती. गोव्यात जून महिन्यात ही शंका कोणालाही येईल. विंडोजमध्ये मोठा बिघाड झाल्यावर आपोआप रीस्टार्ट होण्याचा पर्याय मुळातच चालू असतो, त्यामुळे निळा पडदा क्षणभर दिसून जातो आणि त्यावरचा मजकूर वाचायला सवड मिळत नाही. 'स्टार्टअप अँड रिकव्हरी'मध्ये जाऊन मी त्या पर्यायापुढची खूण काढली. दुसऱ्याच दिवशी मालकांनी पडद्याचा फोटो पाठवला, त्यावर 'मेमरी मॅनेजमेंट' असे लिहिलेले होते. रॅमची पट्टी काढून पाहिली, तर तिच्या सोनेरी टोकांवर दमट हवेने काळसर थर धरला होता. तो शाळकरी खोडरबराने घासून काढल्यावर संगणक नीट चालू लागला आणि नव्या यूपीएसचा खर्च वाचला.

अर्थात नोंदही अगदी निरुपद्रवी नसते. बिघाडाच्या वेळी विंडोज मेमरीतला मजकूर एका फाइलमध्ये उतरवून ठेवते, त्याला डंप म्हणतात. मिनिडंप लहान असतो, पण संपूर्ण मेमरी डंपमध्ये त्या क्षणी मेमरीत असलेले सारे काही उतरते, त्यात पासवर्ड आणि ग्राहकांची माहितीही येऊ शकते. म्हणून अशी फाइल कोणाला पाठवायची हेही मालकानेच ठरवायला हवे. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात, एखाद्या ड्रायव्हरपुरते (एखादे उपकरण चालवणाऱ्या प्रोग्रॅमपुरते) तपशीलवार संदेश, तशी सोय ठेवून कर्नल बांधलेले असल्यास, चालू सिस्टिमवरही सुरू करता येतात, आणि ती पद्धत मला फार आवडते. काझॅनसारखी मेमरीतील चुका पकडणारी साधने मात्र कर्नल बांधतानाच घालावी लागतात व गती बरीच कमी करतात; ती सेटिंगमध्ये नसली तरी वापरकर्त्याचे काही अडत नाही.

वाट उघडणाऱ्या पर्यायांबाबत अँड्रॉइडचा मार्ग मला योग्य वाटतो. २०१२ मध्ये आलेल्या ४.२ आवृत्तीपासून तेथे डेव्हलपर पर्याय लपवलेले असतात (जोडलेल्या संगणकाला फोनला आज्ञा देऊ देणारे यूएसबी डीबगिंग त्यांतच येते) आणि फोनच्या माहितीतील बिल्ड क्रमांकावर सात वेळा बोट टेकवल्यावरच दिसतात. त्यानंतरच्या ४.२.२ पासून, नवा संगणक जोडला की फोनच्या पडद्यावर परवानगी विचारली जाते, म्हणजे फोन हातात आणि उघडा असल्याशिवाय ती देता येत नाही. पुढे अँड्रॉइड ११ पासून, सात दिवस पुन्हा न जोडलेल्या संगणकाची परवानगी आपोआप रद्द होऊ लागली.

यात एक उणीव मात्र राहिली आहे. विंडोज टेस्ट मोडमध्ये, म्हणजे केवळ चाचणीपुरती सही केलेले ड्रायव्हर चालू देणाऱ्या अवस्थेत, असेल, तर पडद्याच्या कोपऱ्यात तसे सतत लिहिलेले दिसते. अँड्रॉइडमध्ये यूएसबी डीबगिंगची सूचना केबल जोडलेली असेपर्यंतच दिसते. त्यामुळे दुरुस्तीला आलेल्या कितीतरी फोनमध्ये तो पर्याय कधीचाच चालू राहिलेला सापडतो, आणि एखाद्या बँकेचे अ‍ॅप उघडायला नकार देते, तेव्हाच मालकाला त्याचा पत्ता लागतो.