निफ्ट की खाजगी कॉलेज? आधी पॅटर्न लॅबमधली कचऱ्याची बादली बघ

प्रश्न असा होता: «मी कराडला बारावी कॉमर्सला आहे. फॅशन डिझाइनच करायचं आहे. निफ्टच्या मागे लागू की पुण्या-मुंबईतलं एखादं खाजगी कॉलेज घेऊ? चित्रं बरी काढते, इंटरमिजिएटला ए ग्रेड आहे, पण शिवता अजिबात येत नाही. घरचं बजेट बेताचं. तयारी कुठून सुरू करू?»

सतरा-अठराची असशील, म्हणून सरळ अगंतुगं करते. चालेल ना?

आधी मी कोण ते सांगते, म्हणजे माझं किती ऐकायचं ते तुझं तू ठरवशील. मी निफ्टची, म्हणजे नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ फॅशन टेक्नॉलॉजीची नाही. अंधेरीच्या एका एक्सपोर्ट हाउसमध्ये सॅम्पलिंगला, म्हणजे नमुन्याचे कपडे करायच्या विभागात आहे, अकरा वर्षं झाली. कागदावर हुद्दा काहीही असो, फ्लोअरवर मला 'पॅटर्नवाल्या मॅडम' म्हणतात; पॅटर्न म्हणजे कापड कापायचे कागदी साचे. दर उन्हाळ्यात आमच्याकडे वेगवेगळ्या कॉलेजांची पोरं इंटर्नशिपला येतात. पहिल्या दिवशी मी त्यांना एकच काम देते: बाही मुंढ्याला जोडून दाखव. कॉलेज कुठलं ते नंतर विचारते. कधी कधी विचारायची गरजच पडत नाही.

बारावीनंतर मी स्वतः एका खाजगी इन्स्टिट्यूटमध्ये गेले होते. नाव सांगत नाही. काचेचा दरवाजा, रिसेप्शनच्या भिंतीवर रॅम्प शोचे फोटो. बाबांनी पतसंस्थेचं कर्ज काढलं होतं. आतल्या हॉलमध्ये नऊ डमी ओळीने उभे, आणि प्रत्येकावर कंपनीचं प्लास्टिक तसंच. मला वाटलं, वा, किती जपतात! वर्ष संपलं तरी ते प्लास्टिक निघालं नाही. आम्ही वर्षभर मासिकांतले फोटो कापून बोर्डावर चिकटवले आणि शेवटच्या शोसाठी एकेक घागरा केला, तोही कोपऱ्यावरच्या टेलरकडून शिवून घेऊन. ते सोडून मी शासकीय तंत्रनिकेतनात ड्रेस डिझायनिंग अँड गारमेंट मॅन्युफॅक्चरिंगच्या डिप्लोमाला पहिल्या वर्षापासून बसले. वर्गातल्या बाकीच्या मुली दहावी पास, मी घोडी. पहिल्याच महिन्यात बाईंनी माझी एक बाही चार वेळा उसवायला लावली. मी आज जे काही खाते ते त्या चार वेळांचं.

म्हणून कॉलेज बघायला जाशील तेव्हा शोकेसपुढे फार वेळ घालवू नकोस. पॅटर्न लॅब दाखवा म्हण, आणि तिथली कचऱ्याची बादली बघ. मांजरपाटाची कात्रणं, ब्राउन पेपरचे तुकडे, उसवलेला दोरा यांनी ती भरलेली असेल तर तिथे काम चालतं. बादली स्वच्छ असेल तर तुझी फी कुठे जाणार ते तुला कळलं. मशीनींची संख्या विचारताना बॅचमधली पोरांची संख्याही विचार. लॅब संध्याकाळी उघडी असते का? मग बाहेर चहाच्या टपरीवर शेवटच्या वर्षाची एखादी मुलगी गाठ आणि तिने स्वतः शिवलेली एक कॉलर दाखव म्हण. ब्रोशर तुला जे सांगणार नाही ते ती कॉलर सांगेल. पदवी कोणत्या विद्यापीठाची, ते यूजीसीच्या यादीत आहे का, हे घरी बसूनही तपासता येतं. आणि नावात 'नॅशनल' आणि 'फॅशन' आलं म्हणून निफ्ट होत नाही. खरी निफ्ट केंद्राच्या वस्त्रोद्योग मंत्रालयाची, 1986 साली दिल्लीत सुरू झालेली, आणि तिचं महाराष्ट्रातलं कॅम्पस एकच, खारघरला.

आता तुझ्यासमोर काय काय आहे ते. निफ्टच्या चार वर्षांच्या बी.डिझ.ला कॉमर्स चालतं; कोणत्याही शाखेची बारावी पुरते आणि 1 ऑगस्टला वय चोविसाच्या आत लागतं. फी मात्र हलकी नाही, चार वर्षांची मिळून दहा लाखांच्या वर जाते. कमी उत्पन्नाच्या घरांना ट्यूशन फीत सवलतीची योजना आहे, तिची चौकशी प्रवेशाच्या दिवशी करू नकोस, आत्ताच कर. फॉर्म भरताना सगळ्या पोरी 'फॅशन डिझाइन'वर तुटून पडतात. माझं मत विचारशील तर निटवेअर (धाग्याच्या फासांनी विणलेले, ताणणारे कपडे) आणि टेक्स्टाइल डिझाइन या दोन्हींकडे नीट बघ. टी-शर्ट, लेगिंग, ट्रॅकपँट, मोजे, स्वेटर हे सगळं निटच, आणि तिरुपूरसारखं अख्खं शहर त्यावर चालतं. फॅशन कम्युनिकेशन वेगळं आहे, त्यात शिवणकामाशी फारसा संबंध येत नाही.

एनआयडी, म्हणजे नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन, तिच्या अहमदाबादला पदवी पातळीवर टेक्स्टाइल आहे. कपड्यांचं डिझाइन त्यांच्याकडे गांधीनगरला, पदव्युत्तरला. पुण्यात सिम्बायोसिसला परीक्षेनंतर मुलाखत आणि पोर्टफोलिओ बघतात, फी तुझ्या 'बेताच्या'त बसेल असं वाटत नाही. महिलांचं विद्यापीठ असलेल्या एसएनडीटीच्या जुहू आवारात जाऊन ये, कोकणातल्या, देशावरच्या किती मुली तिथून शिकून पोटाला लागल्या आहेत. मुंबईच्या जेजे स्कूल ऑफ आर्टमध्ये टेक्स्टाइल डिझाइन आहे, पण त्याची प्रवेशाची परीक्षा वेगळी असते. इचलकरंजीचं डीकेटीई हे टेक्स्टाइल इंजिनिअरिंगचं कॉलेज तुला जवळ, पण तिथलं बी.टेक. आणि निफ्टचं बी.एफ.टेक. (कपडे उत्पादनाच्या तंत्राची पदवी) गणितवाल्यांसाठी, ते सोडून दे. आणि काहीच जमलं नाही तर आयटीआयचा शिवणाचा एक वर्षाचा ट्रेड आहे. त्याला नाक मुरडू नकोस. आमचा सगळ्यात चांगला सॅम्पल टेलर आयटीआयचाच.

निफ्टची तयारी. परीक्षा आता एनटीए ही केंद्राची परीक्षा घेणारी संस्था घेते, साधारण फेब्रुवारीत, आणि फॉर्म त्याच्या दोन-तीन महिने आधी निघतात. बी.डिझ.साठी तीन टप्पे: कॅट म्हणजे चित्रांचा पेपर, जीएटी म्हणजे गणित-इंग्रजी-सामान्यज्ञान, आणि त्यातून निवडलेल्यांची सिच्युएशन टेस्ट, म्हणजे दिलेल्या सामानातून हाताने वस्तू उभी करायची. कॅटला निम्मं वजन, जीएटीला तीस टक्के, उरलेले वीस टेस्टला. इंटरमिजिएटच्या ए ग्रेडने हात तयार झालाय, पण त्या परीक्षेतली घडवंची, घडा आणि त्यामागचा पडदा इथे कामाला येत नाही. इथे डोक्यात काय चालतं ते बघतात. संध्याकाळी प्रीतिसंगमावर जाऊन बस आणि रोज वीस माणसं काढ. चेहरे नकोत. कपडा कुठे ताणलाय, कुठे लोंबतोय, पदर कुठे खोचलाय, एवढंच. मग स्वतःला प्रश्न घाल: मंडईतल्या भाजीवाल्या मावशीला पावसात एका हाताने छत्री, एका हाताने तराजू आणि सुट्टे पैसे कमरेला. तिच्यासाठी रेनकोट कर. खिसा कुठे येईल? ओल्या हाताने उघडेल का? खिसा नुसता काढू नकोस, बाजूला दोन ओळीत कारण लिही. कॅटमध्ये मार्क त्या दोन ओळींना मिळतात, असं माझं वर्षानुवर्षं पोरींचे सराव पेपर बघून झालेलं मत.

जीएटीचं इंग्रजी आणि गणित दहावीच्या आसपासचं. तू कॉमर्सची आहेस, घाबरू नकोस. सामान्यज्ञानात कापड सोडू नकोस: येवल्याची पैठणी, छत्रपती संभाजीनगरचं (जुन्या औरंगाबादचं) हिमरू, नागपूर-भंडाऱ्याकडची करवतकाठी, गोव्यात वेंडेल रॉड्रिक्स यांनी पुन्हा वर आणलेली कुणबी साडी. हे पाठ करून राहत नाही, एकदा हात लावला की राहतं.

सिच्युएशन टेस्टमध्ये मी पडले. खाजगीतलं ते वर्ष वाया गेल्यावर निफ्टला बसले, तिथवर पोचले आणि तिथेच राहिले. पुठ्ठा, तार, स्ट्रॉ, रंगीत कागद असं सामान समोर आणि वेळ दोन तास. माझी कल्पना चांगली होती, अजूनही वाटतं. पण मी सगळं फेव्हिकॉलवर उभं केलं आणि फेव्हिकॉल वाळायला वेळ घेतो. वेळ संपली तेव्हा माझा मंडप एका बाजूला हळूहळू बसत होता, आणि मी त्याला बोटाने टेकू देऊन उभी. माझ्या शेजारच्या मुलाने गोंदाला हातही लावला नव्हता: खाचा पाडून कागदात कागद अडकवला, तारेने टाके घातले. त्याचं काम साधं होतं, पण उभं होतं. तेव्हा घरात घड्याळ लावून सराव कर, आणि गोंदाशिवाय जोडायच्या पाच-सहा पद्धती हातात बसव.

शिवणाचं तर निफ्ट विचारतच नाही, पोर्टफोलिओही मागत नाही. तरी तू शीक, कुठेही गेलीस तरी पहिल्या सेमिस्टरला उपयोग होईल. क्लास लावायची गरज नाही. आईचं एक जुनं, नीट बसणारं ब्लाउज माग आणि ते पूर्ण उसव. टीप न् टीप. तुकडे इस्त्री करून वर्तमानपत्रावर ठेव, कडेने पेन फिरव, टक्स कुठे होते ते टिंब देऊन ठेव. बाहीचा वरचा घेर मुंढ्यापेक्षा थोडा जास्त निघेल. तो का जास्त आहे हे तुझं तुला उमगलं की अर्धं पॅटर्न मेकिंग झालं. मग त्याच कागदावरून मांजरपाटावर काप आणि शेजारच्या काकूंकडे मशीन असेल तर तिथे जाऊन शिव. पहिलं ब्लाउज कुणाला येणार नाही. येऊ देऊ नकोसच, नाहीतर आई ते लग्नाला घालेल.

एक कागदी भानगड राहिली. निफ्ट केंद्राची संस्था, त्यामुळे ओबीसी असशील तर नॉन-क्रीमीलेअर केंद्राच्या नमुन्यातलं लागतं, राज्याचं चालत नाही. राज्याचं एसईबीसी आरक्षणही तिथे नाही. ईडब्ल्यूएसमध्ये बसत असशील तर तो दाखला आर्थिक वर्षापुरताच असतो. तहसीलला आत्ता चक्कर मार, फेब्रुवारीत सेतूपुढे रांग बघून रडू येतं.

आणि मांजरपाट आणलास की कापायच्या आधी रात्रभर पाण्यात भिजव. फार आटतो तो.