मावशींची मिश्री आणि मोडलेली शपथ

‘ताई, माझं मनच खंबीर नाही. चांगली सवय चार दिवस टिकते आणि वाईट सुटता सुटत नाही. काय करू?’ हा प्रश्न माझ्याकडे सगळ्यात जास्त येतो. तंबाखूसाठी येतो, मोबाइलसाठी येतो, पहाटे उठून अभ्यासाला बसण्यासाठी येतो. विचारणारा माणूस स्वतःला दोषी ठरवूनच आलेला असतो. सोडायची असते सवय, आणि तो भांडत असतो स्वतःशी. म्हणून मावशींची गोष्ट सांगते. त्यांनी लिहायला परवानगी दिली आहे, ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.

मावशी अमळनेरकडच्या. पन्नाशी ओलांडलेल्या, घरी कोरडवाहू कपाशी. मिश्री लग्नाआधीपासूनची. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईतो भाजायची, कुटून चाळून डबीत भरायची आणि चिमूटभर घेऊन बोटाने हिरड्यांना चोळायची. आपल्याकडे पुरुषाच्या तंबाखू-चुन्यावरून घराघरांत भांडणं होतात, पण बाईची मिश्री दात घासण्यातच मोजली जाते. गालाच्या आत पुसून न जाणारा पांढरा चट्टा दिसला, तेव्हा दातांच्या डॉक्टरांनी मिश्री बंद करायला सांगितली आणि लेक त्यांना समुपदेशनासाठी माझ्याकडे घेऊन आली.

पहिल्या भेटीत लेकच बोलत होती. मी तिला बाहेर बसायला सांगितलं. बऱ्याच वेळाने मावशी म्हणाल्या, ‘देवीम्होरे शपथ लिधी व्हती माय, तीबी मोडनी.’

चैत्रात खान्देशातून सप्तशृंगगडावर पायी जातात, त्यात त्या गेल्या होत्या. घरून निघतानाच मिश्री बंद केली आणि गडावर शपथ घेतली. परतल्यावर दुसऱ्याच सकाळी मोरीपाशी बसल्या आणि हात डबीकडे गेला. तेव्हापासून देवापुढे दिवा लावताना त्यांना मान वर करवत नव्हती. त्या घुसमटीत जीव घाबरा झाला की पुन्हा मिश्री. अपराधाच्या ओझ्याने सवय सुटत नाही, उलट तिला एक निमित्त वाढतं. म्हणून मी कुणालाच शपथ घ्यायला लावत नाही.

मी विचारलं, ‘वाटेत मिश्रीची आठवण झाली नाही?’

‘झाली ना. डोकंबी दुखलं. पण बसणार कुठे? सगळे चालत होते.’

मला जे समजावून सांगायचं होतं ते त्यांनीच बोलून टाकलं. बाई तीच, मनही तेच. वाटेत मोरी नव्हती, पाण्याच्या रांजणामागची डबी नव्हती, दुपारच्या ओट्यावरच्या शेजारणी नव्हत्या. सवय मनापेक्षा अशा जागांना आणि वेळांना चिकटलेली असते. रोज त्याच जागी त्याच वेळी बसलं की विचार करायच्या आत हात चालतो.

मग आम्ही त्यांचा दिवस उठल्यापासून निजेपर्यंत उलगडला. मिश्री चार वेळा. पहाटे मोरीपाशी, दुपारी जेवणानंतर, शेतातून आल्यावर आणि रात्री अंथरुणावर पडण्याआधी. चारही वेळा वस्तू एकच, पण गरज वेगळी. पहाटेची शरीर मागत होतं. रात्रभर तंबाखूतलं निकोटिन मिळालेलं नसतं, आणि निकोटिनने आतडी हलतात म्हणून ‘मिश्रीशिवाय पोट साफ होत नाही’ हे मावशींचं म्हणणं खोटं नव्हतं. दुपारची शेजारणींच्या गप्पांची होती. संध्याकाळची थकव्याची. रात्रीचीबद्दल त्या म्हणाल्या, ‘तेव्हा काहीच काम नसतं ना ताई, मग विचार येतात.’ चारही वेळांना एकच औषध लावलं असतं तर एकही सुटली नसती.

सगळ्यात सैल होती संध्याकाळची, म्हणून तिथून सुरुवात केली. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी १९९९ साली सविस्तर मांडलेली एक साधी रीत मी नेहमी वापरते. ‘मी मिश्री सोडेन’ असा मोघम निश्चय करायचा नाही. ‘अमुक झालं की मी तमुक करीन’ असं जागा-वेळेसकट ठरवायचं. मावशींचं ठरलं: शेतातून येऊन पाय धुतले की भाजलेला ओवा आणि बडीशेप तोंडात टाकायची आणि चहाला आधण ठेवायचं. डबी रांजणामागून उचलून माळ्यावरच्या पेटीत गेली. मागायची तर सुनेला शिडी लावायला सांगावी लागे. लाज वाटावी म्हणून हे केलं नाही. हात आणि डबी यांच्यात थोडा वेळ जावा, एवढंच हवं होतं.

पहाटेची शेवटी घेतली, तीही डॉक्टरांना विचारून. उठल्यावर कोमट पाणी, मोरी सोडून अंगणात बसून ब्रश. पहिले काही दिवस कठीण जातील हे घरात सगळ्यांना आधीच सांगितलं. चिडचिड, डोकेदुखी, पोट जड, झोप उडणे. निकोटिन थांबल्यावरचा हा त्रास पहिल्या आठवड्यात सर्वाधिक असतो आणि तीन-चार आठवड्यांत बहुतेकांचा ओसरतो. हे माहीत नसलं की घरचेच म्हणतात, ‘लाव बाई थोडी, पण किटकिट नको.’

संक्रांतीनंतर सुरू केलेलं हे काम आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, छान चाललं. आखाजीला त्या माहेरी गेल्या. झोके, गौराईची गाणी, पुरणपोळी-आमरस, आणि दुपारी सगळ्या बहिणी ओसरीवर डबी मधे ठेवून बसलेल्या. मावशींनी लावली. परत आल्यावर लेकीने फोन केला, ‘आई म्हणते, आता येऊन काय उपयोग.’

मी त्यांना मुद्दाम बोलावून घेतलं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेला अभ्यास २०१० साली छापून आला. नवी सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतात असं त्यात दिसलं, पण कुणाला १८ पुरतील तर कुणाला २५४ लागतील इतका फरक होता. मधे एखादा दिवस चुकला तरी सवय जडण्यात फारसं बिघडलं नाही. अभ्यास नव्या सवयीचा होता, व्यसन सोडण्याचा नव्हे. पण मावशी ओवा, कोमट पाणी, अंगणातला ब्रश अशा नव्या सवयीच लावत होत्या, आणि त्या माहेरच्या एका दुपारने पुसल्या गेल्या नव्हत्या. घरी परतल्यावर त्यांनी पहाटे काय केलं, हे मी विचारलं. अंगणात बसून ब्रश केला होता. हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं.

पुढच्या माहेरपणासाठीही आम्ही ठरवून ठेवलं: डबी निघाली की मावशी उठून भाचेसुनांना चहा ठेवायला मदत करणार. बहिणींना आधी फोनवर चट्ट्याचं सांगणार. ते सांगितल्यावर धाकट्या बहिणीनेही तोंड तपासून घेतलं.

आज पहाटेची, दुपारची आणि संध्याकाळची मिश्री सुटली आहे. रात्रीची अजून कधीमधी लागते. तिच्यामागे जे विचार येतात त्यांच्याबद्दल सध्या आम्ही बोलतो आहोत, ते काम सावकाश होईल. चट्टा दाखवायला त्या डॉक्टरांकडे नियमित जातात.

घरात कुणी मिश्री, तंबाखू, गुटखा सोडू बघत असेल तर सरकारच्या १८००-११-२३५६ या मोफत क्रमांकावर समुपदेशक बोलतात. मनाची घालमेल जास्त असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६. तोंडात दोन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस टिकलेला पांढरा वा लाल चट्टा, न भरणारी जखम, किंवा कमी उघडणारं तोंड असेल, तर सवय सुटायची वाट न बघता आधी डॉक्टरांना दाखवा.